फणसाखालचं रोम

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे, ओळ चढत चढत पानाच्या वरच्या कोपऱ्यात जाते. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता खूप वर्षं झाली. कुठली वेलांटी लहान आणि कुठली मोठी हे मला शाळेतही कळलं नव्हतं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना वाकडं काही चालायचं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं तरी ते जेवता जेवता उठून सरळ करायचे. हे पान त्यांनी तिरकं धरून वाचलं असतं.

गावातले लोक त्यांना खांबवाले आजोबा म्हणायचे. किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं आणि घरामागे पाऊण एकर जागा. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्यांनी जन्मभर दगडाची डागडुजी केली होती. लग्न केलं नव्हतं. कल्याणला एक पुतणी होती, ती दिवाळीला फराळ घेऊन यायची. मी त्यांच्याकडे झाडलोट, भांडी आणि दुपारचा स्वयंपाक करायला जायचे. महिन्याला दीड हजार द्यायचे.

मी फार बोलत नाही. चार माणसं बसली असली की माझा आवाज घशातच राहतो. सासूबाई म्हणतात, "हिला तोंड दिलंय ते निस्ता खायला." आजोबांना त्याचं काही वाटायचं नाही. ते आम्हा दोघांचंही बोलायचे.

त्यांच्या खिडकीत दोन दगडी खांब होते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजला तर एक हात भरेल एवढा एकेक. चार बाजूंचे, वर निमुळते होत गेलेले आणि टोकाला इवलासा डोंगर, आपल्या माहुलीच्या सुळक्यासारखा. अंग जुन्या हळकुंडाच्या रंगाचं, खालचा चौथरा रातांब्यासारखा लाल. अंगावर बारीक चित्रं कोरलेली होती, पक्षी, डोळा, नागमोडी पाणी. इटलीचा संगमरवर, दोनशे वर्षांपूर्वीचं काम. दुकान बंद झालं तेव्हा मालकाकडे द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी दोन वर्षांच्या पगाराऐवजी ही जोडी मागून घेतली होती.

"म्हशाच्या जत्रेला जातेस ना?" त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "येताना काय आणतेस?"

"घोंगडी. पोरीला शिट्टी."

"तसंच. गोरे साहेब लोक रोम बघायला जायचे. तिथे ताडामाडाएवढे खांब चौकाचौकांत उभे आहेत. ते काही बोटीत घालून घरी नेता येत नाहीत. मग जाताना हे घेऊन जायचे. ही रोमची शिट्टी."

ते मोठे खांबही मुळात रोमचे नव्हतेच. आजोबा सांगायचे की ते मिसर देशात एकाच अखंड तांबड्या दगडातून कापलेले, हजारो वर्षांपूर्वीचे. तिथे ते देवळाच्या दारात जोडीनं उभे असत. मग रोमचे राजे आले आणि एकेक उचलून बोटीनं घेऊन गेले. "एका देवळाच्या दारातला एक खांब तर पुढे पॅरिसला गेला," ते म्हणायचे, "त्याचा जोडीदार अजून तिथेच, दारात. लोक म्हणतात बिचारा एकटा पडला. मला तसं वाटत नाही. ऊन तर तेवढंच पडतं त्याच्यावर."

मी भांडी विसळत ऐकायचे. नळाची धार बारीक करायचे, म्हणजे शब्द चुकायचा नाही.

रोममध्ये असे तेरा खांब आहेत. आजोबांनी घरामागच्या जागेत तेरा बांबू रोवले होते. एका जुन्या नकाशावरून पावलं मोजून, प्रत्येक बांबू रोममध्ये जिथे खांब आहे तिथे. फणसाखाली पोपोलो नावाचा चौक होता. विहिरीजवळ नवोना. हात धुवून ते म्हणायचे, "मी जरा पोपोलोपर्यंत जाऊन येतो," आणि काठी टेकत फणसाखाली जाऊन उभे राहायचे. तिथे कुणीतरी भेटल्यासारखे थोडा वेळ थांबून परत यायचे. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना ते त्या बांबूंमधून फिरत, आणि मागच्या दारातून पाहताना मला वाटायचं, आपल्यालाच दिसत नाही, तिथे मोठमोठी घरं आहेत, कारंजी आहेत, आणि हे रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतायत. ते खरंच बघायचे.

नवोनाच्या बांबूची सावली धुण्याच्या दगडावर आली की मुरबाडची एसटी यायची. ऊन सरकतं म्हणून ते दर महिन्याला दगडावर चुन्याची नवी खूण करायचे. एसटी कधी कधी उशिरा यायची. मग ते एसटीवर रागवायचे, सावलीवर नाही. रोममध्येही एका खांबाच्या सावलीवरून राजानं वेळ मोजली होती म्हणे.

एकदा मी धीर करून विचारलं, "तुमी कदी गेलते तिकडं?"

"नाही."

"जावंसं नाय वाटलं?"

"आता गेलो तर सगळं पुन्हा मोजावं लागेल," ते म्हणाले.

गावात मात्र त्या बांबूंनी गोंधळ केला होता. तेव्हा नव्या मोठ्या रस्त्यासाठी जमिनी जात होत्या आणि ज्यांच्या गेल्या त्यांना पैसे मिळाले होते. बांबू बघून लोकांना वाटलं, मोजणी झाली. शेजारच्या वाडीतला एक जण आजोबांकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, येक बांबू माज्या बी वावरात मारा की. मी तुमाला इसरनार नाय."

आजोबांनी नकाशा काढला, बोट फिरवलं आणि गंभीरपणे सांगितलं, "तुमच्या वावरात नदी येते हो. तिथे खांब नाही."

तो माणूस नदीच्या काळजीनं घरी गेला.

रोममध्ये एक खांब दगडी हत्तीच्या पाठीवर उभा आहे. आजोबांकडे हत्ती नव्हता. शेजाऱ्यांची म्हैस त्यांच्या कुंपणाला बांधलेली असायची, तीच त्यांनी नक्की केली. एका सकाळी त्यांनी तिच्या पाठीवर पोतं टाकलं, पोत्यावर बांबू आडव्या दोऱ्यांनी उभा बांधला आणि चार पावलं मागे सरून बघू लागले. म्हशीनं मान वळवून एकदाच वर पाहिलं. मग ती दावं तोडून जी सुटली ती रोमचा बांबू घेऊन थेट भातात. शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी. "काय वो आजोबा, माजी म्हस हाय का बैलगाडी?" आजोबा म्हणाले, "क्षमा करा बाई, मूळचा हत्ती फार शांत आहे." त्या दिवसापासून तो बांबू म्हशीच्या गोठ्याशेजारी जमिनीतच राहिला.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे मोठा खांब चौकात उभा केला त्या दिवसाची. पाहुणा आला की ते ती सांगायचे. शेकडो माणसं, घोडे, जाडजूड दोर. तिथल्या धर्मगुरूंनी दवंडी पिटली, खांब उभा राहीपर्यंत कुणी तोंडातून एक शब्द काढला तर फाशी. एवढा मोठा चौक माणसांनी भरलेला आणि आवाज नाही. खांब अर्धा वर आला. आणि दोर ताणून ताणून सैल पडू लागले. खांब हळूहळू मागे झुकू लागला. इथे आजोबा थांबायचे, पाहुण्याकडे बघायचे आणि विचारायचे, "आता काय करायचं?" कुणालाच सांगता यायचं नाही. कुणी म्हणायचा क्रेन आणा.

मला सांगत होते तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "आता काय करायचं?" त्यांनी सवयीनं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पानी मारायचं."

आजोबा खुर्चीतून पुढे वाकले. "तुला कुणी सांगितलं?"

"बाजेची दोरी सैल झाली का आमी पानी मारतो. आवळती."

ते खुर्चीत मागे टेकले. त्या चौकात एक खलाशी उभा होता, त्यानं फाशीची पर्वा न करता हेच ओरडून सांगितलं होतं, दोरांवर पाणी. दोर भिजवले, ते आवळले, खांब उभा राहिला. खलाशाला फाशी झाली नाही, उलट बक्षीस मिळालं. "चाळीस वर्षं सांगतोय ही गोष्ट," आजोबा म्हणाले, "आणि उत्तर बाजेत होतं."

त्यानंतर ते मला खलाशी म्हणू लागले. "आलास का खलाशा," सकाळी दार उघडताना. बाहेरच्या कुणासमोर म्हणायचे नाहीत. मी लाजते हे त्यांना माहीत होतं.

आता चिंचेचं लिहायला हवं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नवरात्राच्या आधीचे दिवस होते. आमच्याकडे तेव्हा घर धुवून काढतात, देवाची पितळ-तांब्याची भांडी जुनी चिंच आणि मीठ लावून घासतात. आजोबा बँकेच्या कामाला मुरबाडला गेले होते. मी त्यांचं ताम्हन, समई, तांब्या घासला. सगळं सोन्यासारखं झालं. आणि खिडकीतले ते दोन खांब मात्र पिवळट, जुनाट. मला वाटलं, आजोबा येतील तेव्हा हेही लख्ख दिसू देत. मी डावा खांब उचलला आणि चारही बाजूंना चिंच चोळून ठेवला.

थोड्या वेळानं बारीक चरचर ऐकू आली. मी धुतला तर हळदीचा रंग उतरलेला, चकाकी गेलेली, अंगावर राख फासल्यासारखा दगड. मी पदरानं पुसला. तेल लावलं. काही झालं नाही. त्याचा जोडीदार खिडकीत तसाच तेजाळ उभा होता, आणि शेजारी ठेवल्यावर तर फरक लांबूनही दिसत होता.

आजोबा आले. टोपी काढली, खिडकीकडे बघितलं. जवळ जाऊन अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला.

"चिंच?"

मी मान हलवली.

"संगमरवराला आंबट चालत नाही. चुन्याचीच जात ती." एवढंच म्हणाले, आणि पोपोलोपर्यंत गेले. अंधार पडायला आला तरी फणसाखालून हलले नाहीत.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी कामाला जात होते. दोन वर्षांच्या पगाराची जोडी मी चिंचेनं घालवली होती. घरी कळलं असतं तर सासूबाईंनी काय ऐकवलं असतं ते मला पाठ होतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"मिसर देशातला सगळ्यात मोठा खांब कधी उभाच राहिला नाही," ते म्हणाले. "खडकातून कापताना तडा गेला. तसाच सोडून दिला. अजून आडवा पडलाय तिथे."

"ज्याच्या हातनं तडा गेला त्याचं काय झालं?"

"ते कुणी लिहून ठेवलं नाही." मग त्यांनी वही ओढली. "सहा हजार रुपये. महिन्याला अडीचशे. आता दिवाळीचा खर्च असेल, संक्रांतीपासून दे. चालेल?"

मी हो म्हटलं. कशाचे ते मी विचारलं नाही. मला वाटलं, कशाचे ते मला माहीतच आहे. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. "जाऊ दे" म्हणाले असते तर मी दुसऱ्या दिवशी त्या घरात पाय ठेवू शकले नसते.

घरी सांगितलं, आजोबांनी पगार कमी केला, आता साडेबाराशे देतात. सासूबाई उखडल्या. "म्हातारा मरायला टेकला नि कंजूसपना सुटत नाय. तू बोल ना त्याला. पर तू कशाला बोलशील." पुढे दोन वर्षं त्या आजोबांना कंजूस म्हणत होत्या आणि मी भाकरी थापत ऐकत होते.

त्या थंडीत आजोबांनी मला पॉलिश करायला शिकवलं. पाण्यात भिजवलेला बारीक कागद, मग त्याहून बारीक, मग त्याहून, शेवटी पांढरी पावडर आणि नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा. घासायचं ते एकाच दिशेनं, घाई न करता. रोज काम आटोपलं की तासभर. दगड ओला असताना खरा रंग दाखवतो, सुकला की पुन्हा लपवतो. महिना महिना एक बाजू चालायची. हात चालत असायचा, ते गोष्टी सांगत असायचे, बाहेर बांबूंच्या सावल्या सरकत असायच्या, आणि मी कुठल्या देशात बसले आहे हे मला कधी कधी आठवायचं नाही. तीन बाजू चकाकल्या. रंग मात्र जोडीदारापेक्षा फिका राहिला. चौथी बाजू घ्यायला लागले तर त्यांनी माझा हात थांबवला.

"ही राहू दे. काय झालं ते दगडावर असलेलं बरं."

चिंचेच्या प्रकाराला दोन वर्षं झाली तेव्हा, भात कापणीच्या दिवसांत, त्यांना धाप लागू लागली. पुतणी येऊन कल्याणला घेऊन गेली. गाडीत बसताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "खलाशा, नवोनाची खूण बदलायची राहिली आहे." ती मी केली, त्या महिन्यात आणि पुढच्याही. मग निरोप आला की ते गेले.

थोड्याच दिवसांनी पुतणी घर रिकामं करायला टेम्पो घेऊन आली. अर्धं गाव बघायला जमलं. सासूबाई पुढे, मी त्यांच्या पाठीमागे. सामान चढलं. दोन्ही खांब दोन गोधड्यांत गुंडाळून ओटीवर ठेवले होते. पुतणी आजोबांची वही घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "इथे खलाशी कोण आहे?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"खलाशी? अवो ताई, हितं समुद्र कुठला?"

"भातसानगरला धरनावर लाँच चालवनारा येक हाय. त्याला इचारा."

"का वो, काय चोरलं का त्यानं?"

"काकांच्या वहीत आहे," पुतणी म्हणाली. "त्याच्याकडून पाचशे रुपये यायचे राहिलेत."

मग तर हसूच झालं. शेजारीण म्हणाली, "पाचशे द्यायला कोन हात वर करंल? ग्येला तो बोटीत बसून."

माझे बावीस हप्ते गेले होते, दोन राहिले होते. गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. चिंच कळली नसती, घरी खोटं बोलले ते कळलं नसतं. पुतणी वही मिटत होती. मला तो चौक आठवला, माणसांनी भरलेला, आणि दोर सैल होत चाललेले.

"तो मी हाय," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुढे झाले. "खलाशी मी हाय."

सासूबाईंनी वळून पाहिलं. "तू कदी ग्येलीस गो बोटीवर?"

मग मी सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर, खाली बघत. चिंच, मीठ, दंड, अडीचशे. एवढं मी एका वेळी आयुष्यात बोलले नव्हते. पुतणी ऐकत राहिली. मग तिनं वही उघडून पुन्हा वाचलं.

"दंड कुठे लिहिलाय?" ती म्हणाली. "ऐका. खांब, डावा. विकला. गिऱ्हाईक खलाशी. किंमत सहा हजार, महिना अडीचशे. पूर्ण फिटल्यावर ताबा द्यावा." तिनं पान उलटलं, मागचं पाहिलं. "चिंचेचं इथे काहीच नाही."

मी ओटीच्या कडेला बसले.

पुतणी खरं बोलणारी बाई. ती म्हणाली, जोडीला गिऱ्हाईक ठरलं आहे, एकाच खांबाला निम्म्याहूनही कमी येतील. मी म्हटलं, "मंग दोनी घेऊन जा तुमी." तिनं एका गोधडीचं टोक सारून आत बघितलं. मग म्हणाली, "काकांनी विकलेली वस्तू मी पुन्हा कशी विकू?" आणि पाचशेचं म्हणाली, "ते राहू द्या आता."

"वहीत फिटल्यावर लिवलंय," मी म्हटलं, आणि घरी पळाले.

पुढचं आधी सांगून टाकते. डावा खांब आता आमच्या दारात असतो, चौथी बाजू भिंतीकडे न करता बाहेर करून. दुसरा गेला, कुठे ते मला माहीत नाही. दिवसा ऊन आलं की याची सावली ओटीवर फिरते. सासूबाईंनी खडूनं एक रेघ मारून घेतली आहे, त्यावर सावली आली की त्या रक्तदाबाची गोळी घेतात. पाहुण्यांना सांगतात, "सा हजाराचं घड्याळ हाय. सुनंनं घेतलं."

तर मी घरी पळाले. आजोबा कल्याणला गेल्यावरही दोन महिन्यांचे अडीचशे अडीचशे मी कापणीच्या मजुरीतून बाजूला ठेवले होते, भाताच्या कणगीमागे, दुधाच्या पिशवीत गुंडाळून. ते काढताना सासूबाई मागून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजे पगार दीड हजारच व्हता?"

"हो."

त्यांनी चौकटीला हात टेकला. मग म्हणाल्या, "आन मी दोन वरसं त्या मान्साला कंजूस म्हनले." पदरानं कपाळ पुसलं. "चल. मी येते संगं."

पुतणीनं नोटा मोजून घेतल्या. आजोबांच्या अक्षराखाली तिनं लिहिलं, पाचशे मिळाले, आणि सही करायला वही माझ्यापुढे धरली. पेन माझ्या हातात नीट बसेना. टेम्पोच्या फळीवर वही ठेवून मी खलाशी असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, वर चढत गेलं. शेजारी जागा होती तिथे पुतणीनं पूर्ण हा आणखी एक शब्द लिहिला. सहा हजार फिटले.